वायपरची मोटर बदलण्याआधी

वायपर बंद पडला की गॅरेजात पहिलं निदान ऐकू येतं ते 'मोटर गेली'. मोटर निघते, दुसरी बसते, वायपर चालतो, आणि महिनाभरात पुन्हा रडायला लागतो. मोटर बदलताना कपलर (वायरींचा प्लग) काढून परत लावला गेला, त्यात गंजलेली पिन थोडी खरवडली गेली आणि करंटला वाट मिळाली, एवढंच त्या दुरुस्तीत घडलेलं असतं. जुन्या गाडीत आधी अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याच्या वाटेवर, संशय घ्यावा, मग कपलर आणि स्विचवर, आणि मोटरवर सगळ्यात शेवटी.

हा लेख मारुती ८००, ओम्नी, ॲम्बॅसेडर, पद्मिनी अशा गाड्यांसाठी आहे, म्हणजे जिथे १२ व्होल्टची साधी दोन स्पीडची मोटर आहे आणि मध्ये कॉम्प्युटर नाही. फार जुन्या जीपमध्ये एकाच स्पीडची मोटर सापडते. तिथे हाय स्पीडचा भाग सोडून बाकीचं वाचा.

पाच वायरींचं गणित

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी दुरुस्ती जागेवर बसून होते, म्हणून इथे घाई करू नका.

मोटरच्या कपलरला साधारणपणे पाच वायरी येतात. पहिली अर्थ. दुसरी लो स्पीडची, तिसरी हाय स्पीडची. चौथीत इग्निशन चालू असताना कायम १२ व्होल्ट असतात. तिला आपण 'कायमची' म्हणू. पाचवी पार्कची. काही मोटरींना अर्थची वेगळी वायर नसते, मोटरची बॉडीच अर्थ असते. मोटर रबरी बुशांवर बसवलेली असेल तर अर्थसाठी छोटी पट्टी किंवा वायर दिलेली असते, आणि जुन्या गाडीत नेमकी तीच तुटलेली किंवा गंजलेली सापडते.

मोटरच्या आत तीन कार्बन असतात, म्हणजे फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे. एक अर्थचा, त्याच्या बरोबर समोर लो स्पीडचा, आणि तिसरा हाय स्पीडचा, जरा बाजूला सरकवलेला. फिरताना मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि तो तिचा वेग आवरतो. या तिरक्या जागेमुळे आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, कमी वेढ्यांतून हा उलटा दाब तयार होतो आणि मोटर जास्त वेगानं फिरते. लो आणि हायला एकाच वेळी १२ व्होल्ट देऊ नका. दोन कार्बनांमध्येच करंट फिरत राहतो आणि ते तापतात.

आता पार्क. स्विच कुठेही बंद केला तरी वायपर काचेच्या तळाशी जाऊनच थांबतो, ही करामत मोटरच्या गिअरवरच्या एका चकतीची आहे. चकतीला एक खाच असते आणि तिच्यावर पत्र्याच्या पाती घासत असतात. वायपर काचेवर कुठेही असला तरी पार्कची वायर आतून 'कायमची'ला जोडलेली असते. तळाशी आला की खाचेमुळे तो संपर्क सुटतो आणि पार्कची वायर अर्थला जोडली जाते. दांडीचा स्विच, म्हणजे कॉम्बिनेशन स्विच, बंद स्थितीत लो आणि पार्क या दोन वायरी एकमेकींना जोडतो. म्हणजे तुम्ही स्विच बंद केलात तरी मोटरला कायमची, पार्क, लो या वाटेनं करंट मिळत राहतो आणि ती तळापर्यंत फिरते. तळाशी लोचा कार्बन थेट अर्थला भिडतो. दोन्ही टोकं अर्थला गेल्यावर फिरती मोटर स्वतःच ब्रेक लावते आणि जागच्या जागी थांबते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा: पार्कला लागणारा करंट लोच्याच कार्बनमधून जातो. निदान करताना हे फार उपयोगी पडतं.

हातात काय हवं

साधा मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट आणि त्याला दोन लांब वायरी, हेडलाइटचा एक जुना बल्ब, १५ अँपिअरचा फ्यूज मध्ये बसवलेली जंपर वायर, काँटॅक्ट क्लीनरचा कॅन, ६०० नंबरचा पॉलिश पेपर. शक्य असेल तर गाडीच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. पंचवीस वर्षांत तीन इलेक्ट्रिशियननी हात घातलेल्या गाडीत रंग काहीही सांगतो.

मल्टिमीटर असताना बल्ब कशाला? कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. सतरा तारांपैकी सोळा तुटलेल्या वायरीतूनही तो खुशाल १२.४ व्होल्ट दाखवेल. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि तिथे कुजक्या वायरीचं सोंग उघडं पडतं. बल्ब मिणमिणला तर वाट खराब आहे.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. वायपरच्या लिंकेजमध्ये, म्हणजे मोटरला वायपरशी जोडणाऱ्या दांड्यांमध्ये, बोटं असताना कुणालाही चावी फिरवू देऊ नका. ही मोटर छोटी दिसते, पण गिअरमुळे बोट मोडण्याएवढा जोर तिच्यात असतो. आणि वायपरचा हात उभा करून ठेवलात तर काचेवर जाड टॉवेल टाका. स्प्रिंगच्या जोरानं हात काचेवर आपटला तर तडा जातो.

तपासणीचा क्रम

१. बॅटरी बघा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. यापेक्षा कमी असेल तर आधी ते निस्तरा, वायपर नंतर.

२. फ्यूज काढून बघा. नुसता डोळ्यांनी नाही, मीटरनं. फ्यूज बॉक्सच्या पाती हिरव्या किंवा काळ्या पडल्या असतील तर साफ करा. फ्यूज शाबूत आणि त्याच्या पाती कुजलेल्या, हे जुन्या गाड्यांत नेहमीचं.

३. मोटरचा कपलर सोडा. आत हिरवी भुकटी, पाणी किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसतं का ते बघा. बोनेट आणि काचेच्या मधल्या पन्हाळीत पानं साचून पाण्याची वाट तुंबलेली असेल, तर पाणी कपलरवर आणि मोटरवरच येतं. पन्हाळ साफ केल्याशिवाय कपलर साफ करण्याला अर्थ नाही.

४. अर्थ. बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं गाडीकडच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनला. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. नाही पेटला तर अर्थचा बोल्ट शोधा, खालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. क्रम उलटा करू नका.

५. करंट. आता बल्बचं एक टोक थेट बॅटरीच्या मायनसला लावा आणि इग्निशन चालू करा. 'कायमची'च्या पिनवर बल्ब पेटला पाहिजे. स्विच लोवर टाका, लोच्या पिनवर बघा, मग हायवर. 'कायमची' पेटते पण लो किंवा हाय पेटत नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत. काहीच पेटत नाही, तर फ्यूजच्या अलीकडे, इग्निशन स्विचपर्यंत मागे मागे जा.

६. मोटर. चौथ्या आणि पाचव्या पायरीत सगळं ठीक निघालं तरच इकडे या. मोटरच्या अर्थच्या पिनला बॅटरीचा मायनस द्या, फ्यूजवाल्या जंपरनं लोला प्लस द्या, फिरते का बघा. मग लो सोडून हायला द्या. दोन्हींवर फिरली तर मोटर शाबूत आहे. पार्क तपासायचा तर लोवर चालवून तिला अर्ध्यात थांबवा, मग 'कायमची'च्या पिनला प्लस द्या आणि लो व पार्क या पिना एका तुकड्यानं जोडा. मोटर फिरून तळाच्या जागी गचकन थांबली पाहिजे.

लक्षण काय सांगतं

*दोन्ही स्पीड चालतात, पण बंद केल्यावर काचेच्या मधेच थांबतो.* 'कायमची' मोटरपर्यंत पोचत नाही किंवा पार्कच्या पाती घाण झाल्यात. पाचव्या पायरीत 'कायमची'वर बल्ब पेटला असेल तर पाती किंवा पार्कची वायर, नसेल पेटला तर 'कायमची' वायर. काही गाड्यांत पार्कची वायर इंटरमिटंटच्या (थांबून थांबून पुसण्याच्या) रिलेतून फिरून जाते. तिथे रिलेचा संपर्क जळला तरी हेच लक्षण दिसतं आणि बिचाऱ्या मोटरला शिव्या पडतात.

*लो चालत नाही, हाय चालतो.* आता पार्ककडे बघा. हायवरून बंद केल्यावर वायपर मुकाट्यानं तळाशी जाऊन थांबत असेल, तर लोचा कार्बन आणि मोटरजवळची वायर चांगली आहे, कारण पार्कचा करंट त्याच वाटेनं गेला; दोष स्विचमधल्या लोच्या संपर्काचा. पार्कही होत नसेल, तर लोचा कार्बन झिजलाय किंवा लोची वायर तुटलीय. एवढ्या एका निरीक्षणानं मोटर उघडण्याचा खटाटोप वाचतो.

*हाय चालत नाही, लो चालतो.* स्विच किंवा हायचा कार्बन. पाचवी आणि सहावी पायरी सांगेल.

*बंद केला तरी थांबतच नाही.* कपलर लावलेला असताना मागच्या बाजूनं पार्कच्या पिनला टाचणी भिडवा, तिथून अर्थपर्यंत बल्ब लावा आणि वायपर चालवा. दर फेरीला तळाशी बल्ब क्षणभर विझला पाहिजे. विझतच नसेल तर पार्कची पाती वाकून चिकटलीय. विझतोय तरी वायपर चालूच, तर स्विचमध्ये लोचा संपर्क चिकटलाय किंवा पार्कच्या चकतीला अर्थ मिळत नाही. दुसऱ्याची खूण अशी, की कोरड्या काचेवर वायपर थांबतो आणि ओल्या काचेवर थांबत नाही. काच कोरडी असते तेव्हा रबराचं घर्षणच ब्रेकचं काम करतं. काच ओली झाली की मोटर खाच ओलांडून पुढे जाते, तिला पुन्हा करंट मिळतो आणि नवी फेरी सुरू होते.

*दम लागल्यासारखा हळू चालतो.* धडधाकट वायपर लोवर मिनिटाला साधारण ४५ फेऱ्या मारतो, हायवर ६५च्या आसपास. मोजा. मग इंजिन चालू, काच ओली आणि वायपर लोवर फिरत असताना दोन मापं घ्या. बॅटरीचा मायनस ते मोटरची अर्थ पिन: ०.२ व्होल्टपेक्षा कमी हवं. बॅटरीचा प्लस ते मोटरची लो पिन: अर्ध्या व्होल्टच्या आत हवं, जुन्या गाडीत पाऊण व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं. इथे दीड-दोन व्होल्ट पडत असतील तर मोटर बदलून काडीचा फरक पडणार नाही. टप्प्याटप्प्यानं मोजत जा: फ्यूज बॉक्सच्या अलीकडे-पलीकडे, मग स्विचच्या अलीकडे-पलीकडे. जिथे आकडा उडी मारतो तिथे कुजलेला जोड आहे.

दोन्ही मापं ठीक आणि वायपर तरीही हळू, तर विजेचा प्रश्न संपला. मोटरच्या दांड्यापासून लिंकेज सोडवा आणि वायपरचे हात बोटानं हलवून बघा. एका बोटानं हलले पाहिजेत. हात ज्या खुंट्यांवर फिरतात त्यांच्या बुशांमध्ये गंज आणि वाळलेलं ग्रीस बसतं. एप्रिल-मेच्या उन्हात वाळलेलं ग्रीस जूनच्या पहिल्या सरीला मोटरचा गळा धरतं. गंज सोडवणारं तेल सोडा, हलवत राहा, मोकळं झाल्यावर नवं ग्रीस.

*पाच-दहा मिनिटं चालून थांबतो, थोड्या वेळानं आपोआप सुरू होतो.* काही मोटरींच्या आत तापल्यावर सुटणारी संरक्षक पाती असते. ती सुटते म्हणजे मोटर जास्त करंट ओढतेय. बहुतेक वेळा कारण वर सांगितलेलं जाम लिंकेजच असतं. पाती शॉर्ट करून टाकणारे कारागीर भेटतात. त्यांच्या हाती गाडी देऊ नका.

*इंटरमिटंट तेवढा चालत नाही, बाकी सगळं ठीक.* रिले किंवा टायमर. चांगला रिले बसवून बघा, प्रश्न तिथेच मिटतो. वॉशरच्या पंपाचा वायपरशी फारसा संबंध नाही, त्याचा फ्यूज कधी कधी एकच असतो इतकंच.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

मोठा फ्यूज घालू नका आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळण्याचं शहाणपण तर मुळीच करू नका. फ्यूज वायरीला जपतो. तो उडायचा थांबला की त्याच्या जागी डॅशबोर्डमागची वायर जळते.

आधी फ्यूज कधी उडतो ते बघा. इग्निशन चालू करताक्षणी उडाला तर 'कायमची' किंवा स्विचकडे जाणारी वायर कुठेतरी पत्र्याला टेकतेय. फक्त लोवर टाकल्यावर उडाला तर लोची वायर किंवा मोटर. काही मिनिटं चालून उडाला तर शॉर्ट नाही, ओझं आहे: जाम लिंकेज, किंवा काचेला रबर चिकटलेलं.

शॉर्ट शोधताना फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडा. ५५ ते ६० वॅटचा बल्ब फार तर पाच अँपिअर जाऊ देतो, त्यामुळे काही जळत नाही. मोटरचा कपलर सोडा आणि इग्निशन चालू करा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. आता वायरींचा झुपका एकेका जागी हलवत जा. बल्ब लुकलुकला की तीच जागा. सुरुवात करा ती वायरी इंजिनकडून केबिनमध्ये जातात त्या भोकापासून. तिथला रबरी ग्रोमेट कडक होऊन फुटतो आणि पत्र्याची धार वायर कापते. नंतर स्टिअरिंगच्या दांड्याखाली बघा. आणि गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी असेल तर उंदराच्या दातांची खूण शोधा, ती लपत नाही.

वायर बदलायची तर १.५ चौरस मिलिमीटरची गाडीचीच वायर वापरा, अर्थसाठी २.५ची असली तर उत्तम. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा सोल्डर करून वर आक्रसणारी स्लीव्ह घाला. चिकटपट्टीचा गोंद इंजिनच्या उष्णतेनं वितळतो आणि दोन वर्षांनी तिथेच पुन्हा यावं लागतं.

मोटर उघडायचीच वेळ आली तर

काढण्याआधी वायपर पार्कवर आणून ठेवा. दांडा आणि गिअरची खुंटी यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारा. मोटरचा लोखंडी डबा आणि गिअरचं घर यांच्या जोडावरही तशीच रेघ हवी. ही दुसरी रेघ नवखे विसरतात. डब्यात दोन चुंबक असतात. डबा अर्धा वळसा फिरून बसला की त्यांच्या बाजू बदलतात, मोटर उलटी फिरते आणि पार्क भलत्याच जागी होतो.

डबा ओढताना चुंबक आर्मेचरला धरून ठेवतो. आर्मेचर गिअरकडे दाबून धरा, नाहीतर कार्बन स्प्रिंगसकट उडतील. डब्यावर हातोडी मारू नका, चुंबक ठिसूळ असतात. आर्मेचरच्या टोकाला काही मोटरींत बारीक गोळी किंवा चकती असते. खाली जुनं फडकं पसरून ठेवा म्हणजे ती सापडेल.

कार्बन चार-पाच मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर बदला. नेमके त्याच मोटरचे मिळाले नाहीत तर किंचित मोठे घेऊन पॉलिश पेपरवर घासून बसवता येतात; आपल्या घरात (होल्डरमध्ये) ते अडकता कामा नयेत आणि खुळखुळताही कामा नयेत. कॉम्युटेटर (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी, जिच्यावर कार्बन घासतात) काळा पडला असेल तर ६०० नंबरचा पेपर गुंडाळून फिरवा. एमरी पेपर नको, त्याची भुकटी करंट वाहते. मग पट्ट्यांमधल्या खाचा टाचणीनं साफ करा. मीटरवर शेजारशेजारच्या पट्ट्यांमधलं माप सगळीकडे सारखं यायला हवं आणि कुठल्याही पट्टीपासून आर्मेचरच्या लोखंडापर्यंत काहीच लागता कामा नये. इथे गडबड निघाली तर मात्र मोटर खरंच गेली. भंगारबाजारातून त्याच मॉडेलची काढीव मोटर घेण्यात काही कमीपणा नाही, पण दुकानातच बॅटरीवर दोन्ही स्पीड आणि पार्क तपासून घ्या.

पार्कच्या पाती काँटॅक्ट क्लीनरमध्ये भिजवलेल्या जाड कागदानं पुसा. पाती बसकी झाली असेल तर अर्धा मिलिमीटर उचला, जास्त नाही. गिअरला थोडं लिथियम ग्रीस, पातींच्या वाटेवर मात्र ग्रीसचा ढीग नको.

बसवताना

मोटर आणि लिंकेज बसवा, पण वायपरचे हात लगेच बसवू नका. कपलर लावून मोटर लोवर चालवा, स्विच बंद करा, तिला पार्कवर थांबू द्या. आता हात तळाच्या जागी धरून नट आवळा. आधी हात बसवलेत आणि मोटर पार्कवर नसेल, तर पहिल्याच फेरीत ब्लेड काचेच्या कडेवर किंवा बोनेटवर आपटतं. हात बसवल्यावरची पहिली फेरी बोनेट उघडं असताना तर मारूच नका.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या पासिंगला वायपर बघतात, तेव्हा नुसता हलतो एवढ्यावर समाधान मानू नका. काचेवर नळी सोडून वायपर दहा मिनिटं लोवर चालवा. मग मोटरचा कपलर, फ्यूज आणि स्विचचा कपलर हाताला लावून बघा. कोमट चालेल. एखादा जोड चटका देत असेल, तर व्होल्ट अजून तिथेच खर्च होताहेत; तो उघडा आणि पुन्हा साफ करा.